मोबाइलला जोडायचा थर्मल कॅमेरा: घेण्याआधी एवढं वाचा

कॅमेरा अंगठ्याएवढा आहे. मोबाइलच्या चार्जिंगच्या जागी खोचायचा, ॲप उघडायचं, की गरम भाग पिवळा-पांढरा आणि गार भाग जांभळा दिसू लागतो. या कामाचे मोठे कॅमेरे लाखांत जातात. मोबाइलवर चालणारे 2014 पासून बाजारात आले आणि गोष्ट हजारांवर आली.

दुकानात येणारे बहुतेकजण पहिल्यांदा विचारतात, "भिंतीच्या आतलं दिसतं का?" नाही दिसत. पोटातलंही नाही. वस्तूच्या पृष्ठभागातून निघणारी उष्णता तेवढी दिसते. खिडकीच्या काचेवर धरला तर बाहेरचं नाही, काचेत तुम्हीच दिसाल.

चकचकीत धातूही असाच फसवतो. आम्हीच पहिल्या दिवशी उकळत्या पाण्याचं स्टीलचं पातेलं बघितलं आणि आकडा इतका कमी आला, की कॅमेरा बिघडला असं वाटलं. पातेल्याला वायरमनची काळी टेप चिकटवली, टेपवर बघितलं, तेव्हा आकडा जागेवर आला. टेपचा तुकडा खिशात ठेवाच.

यंत्रमागवाल्यांना याचा सर्वांत जास्त उपयोग. मोटरचं बेअरिंग आवाज करायला लागण्याआधीच शेजारच्या मोटरपेक्षा गरम दिसू शकतं. पॅनेलमध्ये तीन फेजपैकी एकच जॉइंट तापलेला दिसला, तर तो बहुधा लूज आहे. माग चालू असतानाच बघा, लोड नसेल तर काही कळत नाही. पॅनेल मात्र वायरमनलाच उघडू द्या. काही स्वस्त मॉडेलांत चित्राचे ठिपके 80 गुणिले 60 किंवा 160 गुणिले 120 इतकेच असतात, त्यामुळे लांबून स्क्रू दिसणार नाही.

घरातली ओल शोधायची तर पाऊस उघडल्यावर बघा. ओल सुकताना भिंत गार पडते आणि डाग उठून दिसतो. धो-धो पावसात हवाच दमट असते, तेव्हा फरक पुसट होतो.

आता तब्येतीचं. आकड्यात साधारण 3 अंश सेल्सिअस इकडे-तिकडे होऊ शकतं, म्हणून ताप मोजायला हा घेऊ नका. त्यासाठी साधा थर्मामीटर बरा. एकाच चित्रातल्या दोन जागांची तुलना मात्र बरीच भरवशाची. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल, तर जखम होण्याआधी ती जागा आतून तापते. दोन्ही तळव्यांवर नेमकी तीच जागा बघायची. फरक 2.2 अंश सेल्सिअसहून जास्त असेल आणि दुसऱ्या दिवशीही टिकला, तर चालणं कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. बघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं अनवाणी बसा, पंख्याचा वारा पायावर नको. फरक दिसला नाही म्हणून डॉक्टरांची तपासणी चुकवू नका. स्तनाच्या कर्करोगासाठी कुणी "थर्मल तपासणी पुरे" म्हणत असेल तर ऐकू नका. ती मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीच्या, जागी चालत नाही.

आम्ही कॅमेरा विकतो, दिवसाच्या भाड्यानेही देतो. ओल एकदाच शोधायची असेल तर विकत घेण्यात अर्थ नाही, भाड्यानेच न्या. कारखाना किंवा रोज बघायचे पाय असतील तर गोष्ट वेगळी.

येताना स्वतःचा मोबाइल आणा, पिन आणि ओटीजी (मोबाइलला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) इथेच तपासून देतो. जाड कव्हर काढावं लागेल, नाहीतर कॅमेरा नीट बसत नाही.