साक्ष वेगळी, सेवा वेगळी

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या बोधचिन्हावर तीन शब्द आहेत: एकता, साक्ष, सेवा. ही मंडळी, म्हणजे ख्रिस्ती चर्च, जन्मली आपल्या नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या इथे एक झाल्या. एकता म्हणजे काय, ते त्या दिवसाकडे पाहिलं की कळतं. उरलेल्या दोन शब्दांचा मात्र आपण नेहमी घोळ करतो. शाळा म्हणजे मिशन, दवाखाना म्हणजे मिशन, आणि रविवारच्या भक्तीत 'मिशनसाठी प्रार्थना करा' असं पाळकसाहेब म्हणाले की डोळ्यांपुढे येतो येशूची सुवार्ता सांगत घरोघरी फिरणारा सुवार्तिक. एका शब्दात इतकं कोंबलं की कोणी विचारतं, 'तुम्ही गरिबांना मदत करता ती धर्म सांगायलाच ना?' आणि आपण अडखळतो.

साक्ष हा मुळात कोर्टातला शब्द आहे. साक्षीदार काय करतो? स्वतः पाहिलं तेवढं सांगतो आणि पिंजऱ्यातून खाली उतरतो. तो वकील नसतो आणि निकाल तर त्याच्या हातात मुळीच नसतो. देवानं येशू ख्रिस्तात माझ्यावर प्रीती केली, ती माझ्या आयुष्यात अशी आली, एवढं सांगणं म्हणजे साक्ष. ऐकणारा हो म्हणेल, नाही म्हणेल, उठून जाईल. तो त्याचा हक्क आहे.

सेवेला बोलायचंच नसतं. समोरच्याची गरज दिसली आणि हात पुढे झाला की ती झाली. बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवा. रस्त्यावर अर्धमेल्या पडलेल्या माणसाच्या जखमा त्यानं बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले, आणखी खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. त्या माणसाला तू कोण, कुठला, काय मानतोस, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. त्याला उपदेशही केला नाही.

हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. कळलं मात्र मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या आवारात.

आमचं महिला मंडळ महिन्यातून दोनदा तिथे पोळी-भाजी नेतं. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, पार बालाघाट-छिंदवाड्याहून पेशंट येतात. पेशंट वॉर्डात, आणि सोबतची माणसं झाडाखाली चटई टाकून बसलेली. चार पोळ्या, आलू-वांग्याची कोरडी भाजी, लोणच्याची एक फोड, असं पाकीट असतं. एका पावसाळ्यात कोणीतरी सुचवलं की प्रत्येक पाकिटात एक सुवार्तापत्रिका घालू. मीही मान डोलावली, इतकंच नाही, रात्री बसून घड्या मीच घातल्या.

दुसऱ्या दिवशी एका आजीनं पाकीट उघडलं. वरच कागद होता, भाजीच्या तेलानं एका कोपऱ्यात पारदर्शक झालेला. तिनं तो दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. पोळी मांडीवर तशीच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हा कागद पयले वाचा लागते का? मले वाचता येत नाही."

मी म्हटलं, "नाही हो आजी, जेवा तुम्ही." ती जेवली. पण माझ्या 'नाही'ची वाट पाहत तिनं तो घास थांबवला होता, ते मला विसरता येत नाही. त्या कागदावर एक शब्द खोटा नव्हता, देवाच्या प्रेमाचंच लिहिलं होतं. पण आम्ही तो जिथे ठेवला होता, तिथे त्याचं तिकीट झालं. आजीनं बरोबर ओळखलं होतं. फुकट मिळत नाही, आधी काहीतरी करावं लागतं, हे तिला आयुष्यानं शिकवलं होतं, आणि आमच्या पाकिटानं त्यावर शिक्का मारला.

त्या दिवसापासून मी हे दोन शब्द शेजारी ठेवून तपासते. आमच्या स्वयंपाकात शेजारच्या दोन बौद्ध बाया येतात, गल्लीतल्या एक हिंदू काकूही येतात. त्यांच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात. सेवेत त्या पूर्ण भागीदार आहेत, कुठेही कमी नाहीत. पण ख्रिस्ताची साक्ष द्या, असं मी त्यांना सांगू शकत नाही. ती त्यांची नाही. सेवा मिळून करता येते, वाटून घेता येते, पैसे देऊन माणूसही लावता येतो. साक्ष ज्याची त्यालाच द्यावी लागते. आणखी एक. पोळी करपली तर साक्ष कितीही गोड असली तरी ती पोळी करपलेलीच राहते. वाईट सेवेवर चांगल्या शब्दांचं पांघरूण घालता येत नाही.

पहिल्या मंडळीलाही हा प्रश्न पडला होता. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जातात, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं आणि पंगतीचं काम त्यांच्याकडे सोपवलं. स्वतः प्रार्थना आणि वचनाची सेवा ठेवली. कामं वेगळी केली, कारण एकात दुसरं मिसळून दोन्ही बिघडत होती. पण पुढे काय झालं ते बघा. त्या सातांतला स्तेफन सातव्या अध्यायात साक्ष देता देता मारला गेला. फिलिप्प आठव्या अध्यायात कूशी अधिकाऱ्याच्या रथात बसून सुवार्ता सांगतो आहे. वाढपी गप्प राहिले नाहीत. तरी वाढताना ते बोलले, असं कुठेही लिहिलेलं नाही.

योगायोग म्हणा, नागपूरच्या मिशनचा पहिला मोठा माणूसही स्तेफनच, म्हणजे स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ मध्ये इथे आले. त्यांनी शाळा चालवल्या आणि शाळेत बायबल शिकवलं. त्यांच्या काळात साक्ष आणि सेवा एकाच फळ्यावर लिहिली जात होती, ते लपवायचं कारण नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं. आज तिथे सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. मला मात्र त्यांचं तिसरंच काम जवळचं वाटतं. गोंडांचा पुराणपुरुष लिंगो, त्याचं गीत त्यांनी लिहून घेतलं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ते छापून आणलं. याला साक्ष म्हणायचं की सेवा? मला वाटतं, दोन्हींच्या आधी जे लागतं ते हे: समोरच्याचं ऐकून घेणं.

याच शहरात आपल्यावर बोटही ठेवलं गेलं. मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती तेव्हा, १९५४ मध्ये, सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. शाळा-दवाखान्यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा ठपका १९५६ च्या अहवालात आहे. ख्रिस्ती समाजानं तो अहवाल एकांगी म्हणून नाकारला. त्यातलं बरंच मलाही पटत नाही. पण आजीच्या प्रश्नानंतर तो ठपका मला सरळ झटकून टाकता येत नाही.

कायद्याची रेघही इथेच जवळपास पडते. संविधानाचं कलम २५ आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर आपल्याकडे पुष्कळ नाराजी आहे. साक्षीदाराला मात्र त्यानं फारसं अडत नाही. निकाल त्याच्या हातात आधीही नव्हता.

मग दोन्ही कायमची वेगळीच ठेवायची का? बायबलातल्या पत्रात याकोब तसं म्हणू देत नाही. भाऊ उघडा-उपाशी असताना 'सुखाने जा, ऊब घे' म्हणून त्याला वाटेला लावणाऱ्याला त्यानं खडसावलं आहे. आणि पेत्र सांगतो, तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. 'विचारलं तर' हे शब्द मी माझ्या बायबलात पेन्सिलीनं अधोरेखित केले आहेत. मंडळीतल्या काहींना हे बुळचट वाटतं. कोणी विचारलंच नाही तर? मी म्हणते, मग पोळी खाऊन माणूस पोटभर झोपला, तेही देवाला आवडलं असेल. येशूनं बरे केलेले दहा कुष्ठरोगी आठवा. परत फिरून आभार मानायला एकच आला. उरलेल्या नऊ जणांचा रोग येशूनं त्यांना परत दिला नाही.

आता पाकिटात फक्त जेवण असतं. गेल्या हिवाळ्यात भंडाऱ्याकडचा एक माणूस, बायको आतमध्ये दाखल, तीन वेळा आमच्याकडून पाकीट घेऊन गेला. चौथ्या वेळी थांबला.

"तुम्ही कोन लोकं हाय? कायले करता हे?"

मी सांगितलं. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी देवाशी बोलणं सोडलं होतं, आणि त्यानं मला सोडलं नाही, एवढंच. दोन मिनिटं लागली असतील. तो ऐकत होता, मध्ये एकदा मान हलवली. मग म्हणाला, "आज डॉक्टरनं तिले खायाले सांगतलं. एक पाकीट अजून भेटन का?"

मी दोन दिली.