अंगावरचा काटा आणि कानाचा इतिहास

फ्रिट्झ क्रायस्लर या विख्यात व्हायोलिनवादकाने १९३५ साली एक कबुली दिली. पुन्यानी, विवाल्दी अशा जुन्या संगीतकारांच्या नावावर ते वर्षानुवर्षे ज्या रचना वाजवत आणि छापत आले होते, त्यांतील अनेक त्यांनी स्वतःच रचलेल्या होत्या. लंडनचे समीक्षक अर्नेस्ट न्यूमन यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. क्रायस्लर यांच्या उत्तराचा आशय असा होता, की नाव बदलले तरी रचनेचे मोल बदलत नाही.

हा वाद आपल्याकडेही मैफलीनंतर हमखास होतो. एक जण म्हणतो, ‘डोळ्यांत पाणी आले, आणखी काय हवे?’ दुसरा घराणे, परंपरा आणि बंदिशीचा काळ काढून सांगतो, की ज्यावर तुम्ही भाळलात त्यात नवे काहीच नव्हते. दोघांच्याही मनात एक गृहीत पक्के असते: भावना आतून आपोआप उमटते आणि इतिहास बाहेरून शिकवावा लागतो. माझ्या मते हे गृहीतच चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे हे मेंदूच्या अभ्यासातून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार सुंदर रीतीने पुढे आले आहे.

मॉन्ट्रियलमधील व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकताना हमखास अंगावर काटा येतो अशी स्वतःच्या आवडीची वाद्यरचना प्रत्येकाने आणायची होती. त्यांच्या शिरेतून रॅक्लोप्राइड नावाचे, किंचित किरणोत्सारी केलेले द्रव्य सोडण्यात आले. हे द्रव्य मेंदूतील पेशींवर ज्या रिसेप्टरवर बसते, त्याच जागा डोपामिन या मेंदूतील आनंदाशी निगडित रसायनालाही लागतात. त्यामुळे डोपामिन जितके जास्त पाझरेल तितक्या जागा आधीच अडतात, रॅक्लोप्राइडला कमी जागा उरतात आणि असे किरणोत्सारी द्रव्य टिपणाऱ्या पेट स्कॅनमध्ये त्या भागाचा संकेत मंद होतो. म्हणजे मंद संकेत हीच डोपामिन वाढल्याची खूण. मात्र पेट स्कॅनला वेळ लागतो, त्यातून नेमका क्षण सापडत नाही. म्हणून त्याच माणसांना त्याच रचना पुन्हा एफएमआरआय या, मेंदूतील हालचाल अधिक वेगाने टिपणाऱ्या यंत्रात ऐकवल्या. तेव्हा दिसले, की काटा येतो त्या क्षणी न्यूक्लियस अॅकम्बेन्स हा भाग अधिक सक्रिय असतो, पण त्याच्या काही सेकंद आधी, आता तो क्षण येणार अशी चाहूल लागते तेव्हा, कॉडेट हा वेगळाच भाग जागा झालेला असतो. पुढे २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी डोपामिन वाढवणारे लेव्होडोपा आणि त्याला अडवणारे रिस्पेरिडोन देऊन पाहिले. पहिल्याने संगीताचा आनंद वाढला, दुसऱ्याने घटला. याचा अर्थ डोपामिन आनंदाच्या वेळी केवळ हजर नसते, तर तो आनंद घडवण्यात त्याचा वाटा असतो.

चाहूल लागण्याची ही क्रिया मला सर्वांत मोलाची वाटते. तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे, त्या प्रयोगात नव्हती, पण अपेक्षा कशी बांधली जाते हे पाहण्यासाठी तिच्याइतके स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून सुरू होणारी साधी तिहाई घ्या. ‘तिट कत गदि गन धा’ हे पाच मात्रांचे बोल, मग एका मात्रेची विश्रांती, आणि असे तीनदा. शेवटच्या धानंतर विश्रांती नाही. ५+१+५+१+५ म्हणजे १७. पहिला धा पाचव्या मात्रेवर पडतो, दुसरा अकराव्या मात्रेवर, खालीच्या विभागात अधांतरी, आणि तिसरा सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर. पहिल्या धाला काही कळत नाही. दुसऱ्या धाला आकृती लक्षात येते. तिसऱ्यांदा ‘तिट’ ऐकू येताच जाणत्या श्रोत्याचा हात समेकडे निघालेला असतो. ज्याने तीनताल कधी ऐकलेला नाही त्याच्या कानावरही हाच नाद पडतो, पण त्याच्यासाठी त्या जागी सम नसते, म्हणून ती गाठल्याचा आनंदही नसतो. दाद देणाऱ्याच्या त्या एका क्षणात त्याने आजवर ऐकलेल्या असंख्य आवर्तनांचा साठा काम करत असतो. ज्याला आपण शुद्ध भावना म्हणतो तिच्यात संस्कृतीचा इतिहास असा आधीच मुरलेला असतो.

पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध नसलेल्या बोलिव्हियातील त्सिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरसंगती सारख्याच आवडल्या, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दोन्हींतला फरक त्यांना ऐकू येत होता, आवड मात्र शिकलेली नव्हती. तरीही सगळेच काही संस्कृती शिकवते असे नाही. बाल्कविल आणि थॉम्पसन यांनी १९९९ साली ३० पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी रागांचे १२ तुकडे ऐकवले, तेव्हा आनंद, दुःख आणि संताप हे भाव त्यांना बऱ्यापैकी ओळखता आले. शांत भाव मात्र नीट ओळखता आला नाही. लयीसारख्या खुणा परक्यालाही कळतात, त्यापलीकडचे बरेचसे कानाने कमवावे लागते.

ही कमाई टाळून थेट परिणामाची हमी देणारे दावे सध्या फार पसरले आहेत. ‘४३२ हर्ट्झ’ ही विश्वाची कंपनसंख्या असून तिच्यावर लावलेले संगीत रोग बरे करते, या म्हणण्याला कोणताही आधार नाही. आपल्या संगीतात तर षड्जच, म्हणजे मूळ ‘सा’च, स्थिर नसतो. काळी एकचा षड्ज घेणारा आणि पांढरी चारचा घेणारा एकच यमन गातात आणि दोघांचाही यमन पूर्ण असतो. दीपक रागाने दिवे लागतात ही कथाही तिच्या काळातील संगीतभक्तीचा पुरावा म्हणून वाचावी, ध्वनीच्या गुणधर्माचा पुरावा म्हणून नव्हे.

मग समीक्षकाचे काम काय? समीक्षा नेहमीच ऐकणे समृद्ध करते असे मी म्हणणार नाही. एलिझाबेथ मार्गुलिस यांच्या २०१० च्या प्रयोगात बेथोव्हेनच्या रचनांचे तुकडे आधी वर्णन वाचून ऐकणाऱ्यांना ते उलट कमी आवडले. पण जी समीक्षा कानाला पुढे काय ऐकायचे ते शिकवते, ती भावनेच्या विरोधात नसते; ती पुढच्या काट्याची तयारी करते. जी समीक्षा फक्त वंशावळ सांगते, ती कानापर्यंत पोहोचतच नाही.

हार्मोनियमचे प्रकरण याच दृष्टीने पाहावे. १९४० पासून १९७१ पर्यंत ऑल इंडिया रेडिओवर या पेटीला बंदी होती, आणि त्याच काळात महाराष्ट्रातील नाट्यसंगीत, कीर्तन आणि भजन तिच्यावाचून उभे राहत नव्हते. ती परदेशी आहे हा आक्षेप कानाने तपासता येत नाही, आणि इतिहासातही तो टिकत नाही, कारण व्हायोलिनही परदेशीच होते. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नाही, हा आक्षेप मात्र कोणत्याही कानाला पटेल. तिसरा आक्षेप गंधाराचा, म्हणजे ‘ग’ या स्वराचा. तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा ‘सा’, १२० हर्ट्झवर लावला, की त्या तारेतून पाचपट कंपनसंख्येचा उपस्वरही ६०० हर्ट्झवर वाजतो. हाच तो स्वयंभू गंधार. समान अंतराच्या स्वरस्थानांवर लावलेल्या पेटीचा तार गंधार मात्र ६०४.८ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला जवळजवळ पाच वेळा कमीजास्त होतो. ज्यांच्या घरी तंबोरा आणि पेटी दोन्ही आहेत त्यांनी हे अवश्य करून ऐकावे. तंबोरा आधी नीट जुळवून घ्यावा आणि मग पेटीचा गंधार हलकेच दाबून धरावा.