नॉयहार्डेनबेर्ग: गाव कुठलं, गुट कुठलं?

बर्लिनच्या पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवर, ओडर नदीच्या खोऱ्याच्या कडेला नॉयहार्डेनबेर्ग नावाचं छोटंसं गाव आहे. त्याचा इतिहास साधारण असा सांगितला जातो: १७६३ मध्ये प्रशियाचा (म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्यांपैकी एका बलाढ्य राज्याचा) राजा दुसरा फ्रेडरिक याने ते प्रिटविट्झला दिलं, १८१४ मध्ये ते हार्डेनबेर्गकडे आलं, १९४५ मध्ये सरकारजमा झालं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या गावाच्या नाहीत, गुटच्या म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या मालमत्तेच्या आहेत. एल्ब नदीच्या पूर्वेकडच्या जर्मनीबद्दल वाचताना हा घोटाळा पदोपदी होतो, कारण तिथे गाव आणि गुट बहुधा एकाच नावाने ओळखले जात.

गाव म्हणजे शेतकऱ्यांची घरं, त्यांची शेतं, गायरान, चर्च, आणि कारभार बघणारा शुल्झ. गुट म्हणजे मालकाची स्वतःची मोठी शेती: धान्याची कोठारं, गोठे, जंगल, बऱ्याच ठिकाणी दारूची भट्टी, आणि या सगळ्यासोबत आलेले अधिकार. अशा खास अधिकारांच्या गुटला रिटरगुट म्हणत. अधिकार जमिनीला चिकटलेले असत. जो रिटरगुट घेईल त्याला गावकऱ्यांचे तंटे सोडवणारं न्यायालय, गावची पोलिसी सत्ता, शिकारीचा हक्क आणि चर्चमध्ये पाद्री नेमण्याचा मान हे सगळं जमिनीबरोबर मिळे. प्रशियाच्या जुन्या प्रांतांत अशा जमिनींना शेतसाऱ्यातून मिळणारी सूटही १८६१ च्या कायद्यापर्यंत टिकून होती.

पर्यटक आणखी एक गल्लत करतात. बागेतला पांढरा राजवाडा, म्हणजे श्लॉस, पाहून त्यालाच गुट समजतात. श्लॉस हे मालकाचं राहतं घर. गुटचा जीव होता शेतात, आणि त्या शेतात राबणाऱ्या माणसांत.

ही माणसं यायची गावातून. अठराव्या शतकात ब्रांडेनबुर्ग या इथल्याच प्रांतातल्या शेतकऱ्याला आठवड्यातले दोन-तीन दिवस, कुठे कुठे त्याहून जास्त, गुटच्या शेतावर वेठ करावी लागे. ज्याच्याकडे घोड्यांची जोडी, त्याने जोडी आणि नांगर घेऊन जायचं. ज्याच्याकडे थोडीशीच जमीन, त्याने नुसते हात घेऊन. सुगीत याचा अर्थ काय होतो हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही: उघडीप मिळाली की आधी मालकाचं पीक कापायचं, आपलं उभं राहिलं तरी. मुलांना काही वर्षं गुटवर घरगडी म्हणून राहावं लागे. लग्नाला मालकाची परवानगी लागे. गाव सोडून जायचं तरी त्याचीच. म्हणजे दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्या, तरी गुट गावावाचून एक हंगामही चाललं नसतं.

आता या गावाकडे वळू. त्याचं जुनं नाव क्विलिट्झ, आणि चौदाव्या शतकापासून ते कागदोपत्री सापडतं. १२ ऑगस्ट १७५९ रोजी कुनर्सडोर्फच्या लढाईत फ्रेडरिकचा दारुण पराभव झाला आणि तो शत्रूच्या हाती पडता पडता वाचला. त्याला बाहेर काढणारा हुसार घोडदळातला अधिकारी होता योआखिम बेर्नहार्ड फॉन प्रिटविट्झ. (हे रणांगणाचं कुनर्सडोर्फ आज पोलंडमध्ये आहे, कुनोवित्से या नावाने. नॉयहार्डेनबेर्गच्या शेजारी याच नावाचं दुसरं गाव आहे, तिथे ही लढाई झाली नाही.) राजाने १७६३ मध्ये प्रिटविट्झला बक्षीस दिलं ते क्विलिट्झचं गुट. त्याने १७८५ ते १७९० या काळात तिथे एकमजली श्लॉस बांधला आणि राजाच्या मृत्यूनंतर बागेत त्याचं स्मारक उभारलं. मार्स आणि मिनर्व्हा या रोमन देवता शोक करताहेत असं ते शिल्प आजही तिथे आहे.

१८०१ मध्ये आगीत गाव जवळजवळ सगळं जळालं. ही मात्र गावाची गोष्ट. नव्याने आखणी करण्याचं काम मिळालं कार्ल फ्रीडरिख शिंकेल या वीस वर्षांच्या तरुणाला, जो पुढे प्रशियाचा सर्वांत मोठा वास्तुकार ठरला. रुंद रस्ता, मधोमध हिरवळ, दोन्ही बाजूंना रांगेत बसकी घरं आणि हिरवळीवर चर्च ही त्याची रचना अजून ओळखू येते. मला हा रस्ता श्लॉसपेक्षा मोलाचा वाटतो. शिंकेलच्या इमारती बघायला लोक बर्लिनभर फिरतात, पण त्याने शेतकऱ्यांसाठी आखलेलं गाव बघायचं तर इथेच यावं लागतं.

पुढे गुट पुन्हा राजाकडे गेलं आणि १८१४ मध्ये राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याने ते आपला चान्सेलर कार्ल आउगुस्ट फॉन हार्डेनबेर्ग याला दिलं. पुढच्याच वर्षी नाव बदललं: नॉय-हार्डेनबेर्ग. 'नॉय' म्हणजे नवं, कारण या घराण्याचं मूळ ठाणं नीडरझाक्सेनमध्ये आहे. शिंकेल पुन्हा आला आणि १८२० ते १८२३ मध्ये त्याने श्लॉसवर एक मजला चढवला. बागेला बागरचनाकार लेने आणि हार्डेनबेर्गचा जावई प्युकलर यांनी हात लावला. हार्डेनबेर्ग १८२२ मध्ये जेनोआत वारला, पण त्याचं हृदय इथे आणलं गेलं. ते गावच्या चर्चमध्ये, वेदीत जपून ठेवलेलं आहे. गावकरी दर रविवारी ज्या वेदीसमोर बसतात, तिच्यात गुटच्या मालकाचं हृदय!

वेठ आणि मालकाची बंधनं संपवणाऱ्या सुधारणांमध्ये याच हार्डेनबेर्गचं नाव येतं, म्हणून हा भाग नीट समजून घ्यायला हवा. १८०७ च्या ऑक्टोबर फर्मानाने जाहीर केलं की १८१० च्या सेंट मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, प्रशियात फक्त स्वतंत्र माणसं असतील. रिटरगुट विकत घ्यायला सरदार घराण्याची अटही त्याच फर्मानाने काढली. पण माणूस सुटला तरी जमीन कुणाची, हा प्रश्न उरलाच. १८११ मध्ये चान्सेलर हार्डेनबेर्गने त्यावर तोडगा काढला: शेतकरी जमिनीचा मालक होईल, वेठ संपेल, बदल्यात त्याने कसत असलेल्या जमिनीपैकी एक तृतीयांश मालकाला द्यायची. कसण्याचा हक्क वंशपरंपरागत नसेल तर निम्मी. आणि १८१६ मध्ये ही सवलतही घोड्याची जोडी बाळगू शकणाऱ्या शेतकऱ्यांपुरतीच ठेवली.

यात गाव स्वतंत्र झालं आणि गुट मोठं झालं, दोन्ही एकाच कायद्याने. ज्यांच्याकडे काहीच उरलं नाही ते गुटवर मजूर म्हणून राहिले. राहायला मालकाची खोली, पगाराचा मोठा भाग धान्य, बटाटे आणि सरपण यांच्या रूपात. तरीही शेजारच्या फ्रीडर्सडोर्फ गुटचा मालक लुडविग फॉन डेर मार्विट्झ याला या सुधारणा इतक्या खुपल्या, की त्याच्या विरोधापायी १८११ मध्ये त्याला श्पांडाउच्या किल्ल्यात कैदेत बसावं लागलं.

कागदोपत्री वेगळेपण यानंतर बराच काळ टिकलं. मालकाचं न्यायालय १८४८-४९ च्या उलथापालथीत गेलं, पोलिसी सत्ता १८७२ च्या कायद्याने गेली. पण गाव (लांडगेमाइंड) आणि गुटचा इलाखा (गुट्सबेत्सिर्क) ही दोन स्वतंत्र प्रशासकीय एककं राहिली. गावात लोक आपला मुख्य निवडत. गुटच्या इलाख्यात मालकच मुख्य, तिथल्या मजुराला निवडायला ग्रामसभाच नव्हती. म्हणून जुन्या जनगणनेत एकच नाव दोनदा दिसतं आणि दोन्हींची लोकसंख्या वेगळी असते. ती छपाईची चूक नव्हे. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने दोन्ही ओळी बघाव्यात. हे इलाखे डिसेंबर १९२७ च्या कायद्याने संपले आणि १९२८ मध्ये बहुतेक ठिकाणी शेजारच्या गावात विलीन झाले.

श्लॉस आणि जमीन मात्र हार्डेनबेर्ग कुटुंबाकडेच होती. शेवटचा मालक कार्ल-हान्स हिटलरविरोधी कटात होता. २० जुलै १९४४ चा बॉम्बहल्ला फसल्यावर चारच दिवसांनी गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, श्लॉसवर आले. त्याने स्वतःवर गोळी झाडली, पण तो वाचला आणि त्याची रवानगी झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत झाली. मालमत्ता नाझींनी जप्त केली. १९४५ मध्ये सोव्हिएत ताब्यातल्या भागात शंभर हेक्टरांवरच्या सगळ्या जमिनी मोबदल्याविना काढून घेण्यात आल्या आणि पुष्कळशा भूमिहीनांना व निर्वासितांना वाटल्या गेल्या, त्यात ही पुन्हा एकदा गेली.

गुट संपलं, तरी गावाला नाव चिकटलं होतं मालकाचं. १९४९ मध्ये ते बदलून मार्क्सवाल्डे केलं. तिथल्या लष्करी विमानतळावर पूर्व जर्मनीचं हवाई दल होतं. अंतराळात गेलेला पहिला जर्मन झिगमुंड येन त्याच तळावर वैमानिक होता. श्लॉसमध्ये शाळा भरे. १९९१ पासून नाव पुन्हा नॉयहार्डेनबेर्ग.

१९९० मध्ये दोन्ही जर्मनींचं एकीकरण झाल्यावर १९४५ ते १९४९ मधल्या जप्त्या उलटवायच्या नाहीत असं ठरलं, त्यामुळे आसपासच्या बहुतेक जुन्या मालकांना काही परत मिळालं नाही. हार्डेनबेर्गच्या वारसांना मात्र श्लॉस मिळाला, कारण तो आधी नाझींनी हिसकावला होता. १९९७ मध्ये जर्मन बचत बँकांच्या महासंघाने तो विकत घेतला आणि २००२ पासून तिथे मैफली, प्रदर्शनं, हॉटेल चालतं. २००३ मध्ये चान्सेलर श्रोडरचं मंत्रिमंडळ बैठकीसाठी इथेच बसलं होतं. जुन्या विमानतळाच्या जागेवर २०१२ मध्ये १४५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. आणि रस्त्यापलीकडच्या गावाचा कारभार गावाने निवडलेली पंचायत बघते.