श्रद्धेचं अर्धायुष्य

एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या बायबल सोसायटीचा एक अहवाल आला आणि मथळे झळकले: तरुण पिढी चर्चकडे परत वळतेय. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ ते २४ वयाच्या तरुणांपैकी महिन्यातून एकदा तरी चर्चला जाणारे २०१८ मध्ये ४ टक्के होते, ते २०२४ मध्ये १६ टक्के झाले, असा त्यातला दावा. सहा वर्षांत चौपट! आपल्याकडे व्हॉट्सॲपवर याच्या अगदी उलट मजकूर फिरतो. युरोपातली चर्च ओस पडली, तिथले लोक धडाधड हिंदू होताहेत वगैरे. इंग्लंड-वेल्समध्ये हिंदूंचं प्रमाण २०११ मध्ये १.५ टक्के होतं, २०२१ मध्ये १.७ टक्के. एवढ्यावरून धर्मांतराची लाट शोधायची म्हणजे कमालच झाली.

आधी त्या चौपटीचं बघू. ते आकडे ऑनलाइन पॅनेलमधून आले होते. म्हणजे लोक स्वतःहून नाव नोंदवतात, प्रश्नावल्या भरतात आणि त्याबद्दल थोडाफार मोबदला मिळवतात. अशा पॅनेलमधले तरुण काय काय टिक करतात, हे अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटरने दाखवून दिलं आहे. ‘तुमच्याकडे आण्विक पाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का?’ या प्रश्नाला तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं होतं. धर्माविषयीच्या प्रश्नावर हेच हात फिरले, तर पुनरुज्जीवन दिसणारच. खुद्द चर्च ऑफ इंग्लंडची मोजणी मात्र वेगळं सांगते. २०१९ मध्ये आठवड्याची सरासरी उपस्थिती साडेआठ लाखांच्या आसपास होती. कोविडनंतर ती जरा सावरली, तरी अजून सात लाखांच्याच आसपास आहे.

मोठं चित्र जनगणनेत दिसतं. इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ मध्ये ७१.७ टक्के होते, २०११ मध्ये ५९.३ आणि २०२१ मध्ये ४६.२. ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणारे याच काळात १४.८ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले.

आता प्रश्न असा की या कोट्यवधी माणसांनी धर्म सोडला कधी? कुठल्या रविवारी?

विज्ञानप्रेमी मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: शिक्षण वाढलं, डार्विन कळला, श्रद्धा गळाली. मीही विज्ञानाच्याच बाजूचा, पण हे उत्तर पुराव्यावर टिकत नाही. गेल्या शतकात विज्ञानात सगळ्यांत पुढे असलेली अमेरिका तेव्हा श्रीमंत देशांमध्ये सर्वांत धार्मिकही होती. १९६० च्या दशकात पीटर बर्गरसारखे नामवंत समाजशास्त्रज्ञ म्हणत होते की आधुनिकतेपुढे धर्म जगभर मागे हटणार. पुढे १९९० च्या दशकात बर्गर यांनीच ते मत मागे घेतलं.

खरी यंत्रणा फार साधी आहे आणि मला ती विलक्षण सुंदर वाटते. बहुतेकांनी धर्म सोडलेलाच नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

डेव्हिड व्होआस आणि अलास्डेर क्रॉकेट या संशोधकांनी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या कुटुंबांची माहिती तपासली. एकाच घरातल्या आईवडिलांच्या आणि मुलांच्या श्रद्धा ताडून पाहिल्या. दोघेही पालक धार्मिक असतील, तर मूल धार्मिक होण्याची शक्यता साधारण निम्मी. एकच पालक धार्मिक असेल, तर त्याच्याही निम्मी, म्हणजे पाव. दोघेही धार्मिक नसतील, तर मूल जवळजवळ नक्कीच तसंच राहतं.

हे आकडे घेऊन कागद-पेन्सिलीने करून बघा. शंभर प्रौढ माणसं घ्या, त्यातली ६० धार्मिक. समजा, सगळ्या धार्मिकांनी आपसांतच लग्नं केली. ३० जोडपी झाली, प्रत्येकी दोन मुलं धरली तर ६० मुलं. त्यांतली निम्मी, म्हणजे ३० धार्मिक. आता उलट टोक घ्या. धर्म न मानणाऱ्या चाळिसांनी धार्मिक जोडीदार केले. मिश्र जोडपी ४०, त्यांची मुलं ८०, त्यांतली पाव धार्मिक, म्हणजे २०. उरलेल्या वीस धार्मिकांची दहा जोडपी, मुलं २०, निम्मी धार्मिक, म्हणजे १०. बेरीज पुन्हा ३०!

कोण कुणाशी लग्न करतं, याने उत्तर बदलतच नाही. बीजगणिताने हे एका ओळीत सिद्ध होतं: धार्मिकांचं प्रमाण p असेल आणि जोड्या यदृच्छया जुळल्या, तर पुढच्या पिढीत p²/२ अधिक २p(१−p)/४, म्हणजे बरोबर p/२. पुढच्या पिढीत १५, त्यापुढे साडेसात. शाळेत किरणोत्सारी मूलद्रव्यांचं अर्धायुष्य शिकलो होतो, तेच हे. ब्रिटनमध्ये धर्माचं अर्धायुष्य एका पिढीइतकं आहे, असंच या दोघांनी म्हटलं.

इथे एक शंका येते. चर्चमध्ये पिकल्या केसांचीच माणसं दिसतात, तर माणूस म्हाताराच झाल्यावर धार्मिक होत असेल का? आजचे तरुण साठीत पोचले की तेही जातील? हे ठरवणं वाटतं त्याहून अवघड आहे. वय, पाहणीचं साल आणि जन्मसाल, यातल्या दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते. त्यामुळे तिन्हींचे परिणाम सरळ रेषेच्या समीकरणांनी वेगळे काढताच येत नाहीत. समीकरणांना अनंत उत्तरं निघतात. मग संशोधक बाहेरची माहिती जोडतात आणि एकेका जन्मदशकाचा गट घेऊन त्याचा माग वर्षानुवर्षं काढतात. ब्रिटनमध्ये असं केल्यावर दिसतं की विशीत जी पातळी ठरते, ती पुढे फारशी हलत नाही. १९३० च्या दशकात जन्मलेले बऱ्यापैकी धार्मिक राहिले, १९७० च्या दशकात जन्मलेले विशीतही कमी धार्मिक होते आणि आजही कमीच आहेत. समाजाची सरासरी उतरते, ती वरची पिढी जाते आणि तिच्या जागी खालची येते म्हणून.

अर्थात समाज म्हणजे युरेनियम नव्हे. स्थलांतर होतं, धार्मिक कुटुंबांत मुलं जास्त होतात, आणि वारसा पोचवण्याचं ते प्रमाण देशागणिक वेगळं असतं. २०११ मध्ये एका गणिती प्रारूपावरून ‘नऊ देशांतून धर्म नामशेष होणार’ अशी बातमी गाजली होती. त्या यादीत आयर्लंड होता. तिथे २०२२ च्या जनगणनेतही ६९ टक्के लोक कॅथलिक आहेत. गणिताला भविष्यवाणीचा दर्जा दिला की असं होतं.

वारसा का तुटला, यावर एकमत नाही. रोनाल्ड इंगलहार्ट आणि पिप्पा नॉरिस या राज्यशास्त्रज्ञांचा भर सुरक्षिततेवर आहे: पेन्शन, दवाखाना, बेकारभत्ता यांची हमी मिळाली की देवाचा धावा कमी होतो. मला त्याहून पटतं ते घरातलं कारण. ‘मुलांनी स्वतःचं स्वतः ठरवावं’ हे मूल्य पालकांनीच मनापासून स्वीकारलं, आणि रविवारची सकाळ दुकानांना, फुटबॉलला मोकळी झाली. अमेरिकेत रविवारी दुकानं बंद ठेवण्याचे कायदे जिथे उठले, तिथे चर्चची उपस्थिती घटल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. आयर्लंडमधल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी घसरणीला वेग दिला, पण ब्रिटनमधली घसरण त्याच्या कितीतरी आधीची.

जर्मनीत मात्र धर्म सोडल्याची सरकारी नोंद होते. म्युनिक-फ्रँकफुर्टला नोकरीसाठी गेलेल्या मराठी मंडळींना पत्तानोंदणीच्या अर्जातला धर्माचा रकाना आठवत असेल. तिथे चर्चचा सदस्य असलात, तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के एवढा चर्च-कर पगारातून वजा होतो. तो थांबवायचा तर स्थानिक न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, बहुतेक ठिकाणी तीस-पस्तीस युरो भरायचे आणि सही करायची. २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी अशी सही केली. यात विशी-तिशीतल्या लोकांचं प्रमाण मोठं असतं, पगाराच्या पावतीवर ती कपात नुकतीच दिसू लागलेले. श्रद्धा त्याआधीच गेलेली असते, कागद उशिरा होतो.

आणि चर्च सोडलं म्हणजे माणूस विवेकवादी झाला, असं समजून आपल्याकडच्या पुरोगाम्यांनी हुरळून जाऊ नये. प्यूच्याच पाहणीत सुमारे ३० टक्के अमेरिकन प्रौढ वर्षातून एकदा तरी राशिभविष्य, टॅरो किंवा भविष्य सांगणाऱ्याकडे वळतात. संस्था खिळखिळी झाली तरी ग्रहांची भीती शाबूत राहू शकते. तिच्याशी वेगळंच लढावं लागतं.

सध्या चर्चा आहे ती अमेरिकेची. तिथे ख्रिस्ती लोकांचं प्रमाण २००७ मधल्या ७८ टक्क्यांवरून घसरत आलं आणि गेली काही वर्षं ६२ च्या आसपास थबकलं आहे. घसरण संपली, असं म्हणणारे आहेत. पण त्याच आकड्यांची वयानुसार फोड पाहा: सर्वांत वयस्क गटात ८० टक्के ख्रिस्ती, १८ ते २४ वर्षांच्या गटात ४६. हे तरुण वय वाढेल तसे चर्चकडे वळले किंवा त्यांच्या मुलांनी आईबापांहून जास्त धर्म उचलला, तरच ६२ चा आकडा टिकेल. यातलं दुसरं आजवर अमेरिकेतल्या कुठल्याही अलीकडच्या पिढीत मोठ्या प्रमाणावर घडलेलं नाही.