स्वभावावरून आत्महत्येचा अंदाज येतो का?

"तो तसा नव्हता हो, किती हसतमुख मुलगा!" आत्महत्येची बातमी आली की भेटायला जमलेल्यांत हे वाक्य हमखास निघतं. नाहीतर याच्या अगदी उलट, "पहिल्यापासून हळवीच होती ती." दोन्ही वाक्यांमागची समजूत एकच, की हा धोका माणसाच्या स्वभावात दिसतो. २०२२ साली भारतात १,७०,९२४ जण आत्महत्येने गेले आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, २२,७४६ जण महाराष्ट्रातले होते. म्हणून ही समजूत नीट तपासायला हवी.

तिच्यात तथ्य नाही असं नाही. लहानशा गोष्टीचा धसका घेणं, अपमान दिवसेंदिवस मनात घोळवणं, चिंता लागली की ती न सुटणं, या स्वभावाचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. सगळं अचूकच हवं हा हट्टही त्रासाचा ठरतो. पण त्यातही फरक आहे, आणि तो कॅनडातल्या पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ साली मांडला. स्वतःच्या हौसेने मोठं ध्येय ठेवणं वेगळं आणि 'मी कमी पडलो तर लोकांच्या नजरेतून उतरेन' हे ओझं वाहणं वेगळं. आत्महत्येच्या विचारांशी जास्त घट्ट नातं या दुसऱ्या प्रकाराचं आहे. बारावीच्या निकालाआधी आईवडिलांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तरीही स्वभाव पाहून भाकीत करता येत नाही. २०१७ साली जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले. धोक्याचा कोणताही एक घटक घेऊन केलेला अंदाज नाणेफेकीपेक्षा जेमतेम सरस निघाला. हळव्या स्वभावाची असंख्य माणसं आयुष्यभर हळवी राहतात आणि जगतात.

मग पाहायचं काय? माझ्या मते, माणूस मुळात कसा आहे यापेक्षा त्याला आत्ता पुढचं काय दिसतंय, हे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी आत्महत्येचे विचार येत असल्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २०७ जणांचा पाच ते दहा वर्षं मागोवा घेतला. त्यांतल्या १४ जणांनी पुढे जीवन संपवलं. १९८५ साली आलेल्या या अभ्यासात, 'आता काही चांगलं होणारच नाही' ही भावना किती खोल आहे, यावरून धोका जास्त ओळखता आला.

ही भावना आतून कशी असते, हे मार्क विल्यम्स यांच्या १९८६ च्या प्रयोगात जवळून दिसतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांना 'आनंदी' यासारखा एकेक शब्द देऊन त्यावरून एखादी नेमकी आठवण सांगायला सांगितलं. इतर लोक एखादा ठरावीक दिवस, ठरावीक प्रसंग सांगत. हे रुग्ण मात्र 'मित्रांबरोबर असलो की' अशा धर्तीचं मोघम उत्तर देऊन थांबत. आपण मागच्या अडचणीतून कसे सुटलो, हे तपशिलात आठवलं तरच आजच्या अडचणीतून वाट सुचते. तपशील पुसट झाले की वाटाही दिसेनाशा होतात.

पण ही अवस्था कायमची नसते. कॅलिफोर्नियात रिचर्ड सायडन यांनी अगदी शेवटच्या क्षणी अडवलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं ते शोधलं. बऱ्याच वर्षांनी, १९७८ साली, त्यांतले सुमारे ९४ टक्के हयात होते किंवा नैसर्गिक मृत्यूने गेले होते.

स्वभावाला औषध नाही, असं आपण म्हणतो. ते खरं नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास पडताळले, तेव्हा सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनंतर भावनिक स्थैर्यात स्पष्ट वाढ दिसली. भावनेचा उमाळा ओसरेपर्यंत तग कसा धरायचा, हे मार्शा लिनेहान यांची उपचारपद्धती शिकवते. २००६ च्या त्यांच्या चाचणीत ही पद्धत मिळालेल्या स्त्रियांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण, तज्ज्ञांकडून इतर उपचार घेतलेल्या स्त्रियांच्या तुलनेत निम्मं होतं.

तेव्हा घरातलं कुणी 'माझं तुम्हाला ओझंच झालंय' असं म्हणू लागलं, तर 'असलं काही बोलू नकोस' म्हणून विषय तोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, याला अभ्यासांत आधार सापडलेला नाही. उत्तर 'हो' आलं तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.