दारात फॉर्म घेऊन आलेला माणूस

मानखुर्द, गोवंडी, चेंबूरच्या वस्त्यांत कागद-पेन घेऊन गल्लीत शिरलात, की पहिला प्रश्न ठरलेला: "सर्व्हे कसला? घर मिळणार की तुटणार?" विस्थापितांवर अभ्यास करायला आलेल्या विद्यार्थ्याला हा गैरसमज वाटतो. पण त्या प्रश्नामागे पन्नास वर्षांचा अनुभव आहे.

४ जानेवारी १९७६ रोजी सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात गणना केली आणि नोंद झालेल्यांना पुढे फोटोपास, म्हणजे फोटो लावलेली ओळखपत्रं, दिले. त्याच वर्षी मे महिन्यात, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राच्या शेजारची जनता कॉलनी पाडली गेली. सुमारे ७० हजार माणसं आज ज्याला चीता कॅम्प म्हणतात त्या दलदलीच्या जागेत नेऊन सोडली. नंतर १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, त्याआधीपासूनच्या झोपडीलाच पुनर्वसनाचा हक्क ठरला आणि शेजारी शेजारी राहणारे 'पात्र' नि 'अपात्र' झाले. छप्पर यादीवर ठरणाऱ्या शहरात संशोधकाचा फॉर्म लोकांनी वेगळा का मानावा?

संशोधनाचे लिखित नीतिनियम आले वैद्यकातून. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ साली माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणारी न्युरेम्बर्ग संहिता तयार झाली. १९६४ साली डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा, वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीचा हेलसिंकी जाहीरनामा आला. अमेरिकेत टस्कीगीला सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीयांना सरकारी डॉक्टर १९३२ ते १९७२ उपचाराविना नुसतं 'पाहत' राहिले. त्याच्या संतापातून संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणाची तत्त्वं मांडणारा १९७९चा बेलमाँट अहवाल निघाला. रोजच्या व्यवहारात या सगळ्याचं रूप एकच उरलं: सही केलेलं संमतिपत्र.

त्याच १९४७ नंतर कराचीहून बोटी भरून सिंधी कुटुंबं मुंबई बंदरात उतरत होती. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत त्यांना ठेवलं, १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता सांगताना 'कॅम्प' नंबर सांगतात. घरदार सोडून आलेल्यांची माहिती कुणाच्या मालकीची, हा प्रश्न न्युरेम्बर्गच्या चौकटीत बसत नव्हता. ती संहिता प्रयोगांपुरती होती.

सक्तीच्या स्थलांतराचा अभ्यास ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली ती १९८२ साली, ऑक्सफर्डला बार्बरा हॅरल-बाँड यांनी निर्वासित अभ्यासाचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा. छावण्यांत काम करणाऱ्यांना लवकरच कळलं, की सहीचं संमतिपत्र इथे उलटू शकतं. ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत, त्याची सही हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. रेशन ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासोबत आलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणणार कोण? या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वतःची आचारसंहिता केली ती मात्र थेट २०१८ मध्ये. 'अपाय करू नका' ही तिने फक्त सुरुवात मानली. मला हा उशीर खटकतो.

मुंबईने मात्र यात आपली भर घातली आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. १९८५ साली फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, तरी फुटपाथवरची घरं हटवायला परवानगी दिली. त्याच वर्षी 'स्पार्क' संस्थेने फुटपाथवासीयांना सोबत घेऊन त्यांची गणना केली. आकडे आधी त्या माणसांच्या हाती आले. १९९३ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्राला वाहिलेलं नियतकालिक मुंबईतून सुरू झालं. २००० साली इथल्याच 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आली.

सगळ्यात अवघड पेच १९९२-९३च्या दंगलीनंतर दिसला. हजारो लोक मोहल्ले सोडून गेले. संशोधनाचा नियम सांगतो, नाव लपवा. मानवी हक्कांच्या लढाईत निनावी साक्षीला वजन नसतं. प्रतिज्ञापत्रावर नाव, पत्ता, सही लागते. साक्ष देणारी बाई तीच, हकीकत तीच, नियम मात्र उलटे. निवृत्त न्यायमूर्ती दाऊद आणि सुरेश यांनी लोकांच्या साक्षी ऐकून १९९३ मध्ये अहवाल दिला. दंगलीच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगापुढे लोक स्वतःच्या नावानिशी बोलले. जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने आयोगच गुंडाळला. मे महिन्यात तो पुन्हा सुरू झाला, अहवाल १९९८ मध्ये आला. मधल्या चार महिन्यांत नाव देऊन बसलेल्या माणसांचं काय झालं असेल, हे साक्ष मागायला जाणाऱ्या प्रत्येकाने मनात आणून पाहावं.

भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. पक्षकाराने वकिलाशी केलेलं बोलणं पुराव्याच्या कायद्याने सुरक्षित असतं. माहिती देणाऱ्याने संशोधकाशी केलेल्या बोलण्याला तसं संरक्षण नाही. पोलिसांनी वही मागितली, तर कायद्याचा आडोसा नाही. म्हणून अनुभवी कार्यकर्ते तोंडी संमती घेतात, गल्लीचं नाव बदलतात, आणि काही मुलाखतींत नावांची यादी करतच नाहीत.