तबकडीचा वेग आणि गवयाचा षड्ज

जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, तबकडीच्या लेबलावर कंपनीचं नाव असतं, गायकाचं असतं, राग असतो, कधी तालही असतो. गायकाची पट्टी, म्हणजे तो ज्या स्वराला षड्ज (‘सा’) धरून गातो ती, मात्र लिहिलेली नसते. ती आपण ऐकून ठरवतो, आणि जे ऐकतो ते तबकडी ज्या वेगाने फिरते त्यावर अवलंबून असतं. संग्राहक एकत्र जमले की लेबलाचा रंग, मालिका क्रमांक, तबकडीची दुर्मिळता यांवर तासन्‌तास बोलणं होतं, पण वेगाचा विषय क्वचितच निघतो. माझं मत स्पष्ट आहे: वेग पक्का केल्याशिवाय त्या गवयाच्या आवाजाबद्दल, लयीबद्दल किंवा पट्टीबद्दल काही बोलू नये.

‘७८’ हा आकडा आपण फार भाबडेपणाने घेतो. ग्रामोफोन कंपनीतर्फे कोलकात्यात आलेल्या मुद्रणतज्ज्ञ फ्रेड गाइसबर्गने १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये गायिका गौहर जानचं गाणं मेणाच्या थाळीवर कोरून घेतलं, तेव्हा असा ठरलेला एकच वेग नव्हता. त्या काळातली मुद्रणयंत्रं सहसा खाली सरकणाऱ्या वजनावर चालत. वेग मिनिटाला सत्तरच्या आसपास ठेवायचा की ऐंशीच्या पुढे न्यायचा, हे यंत्र चालवणारा माणूस ठरवी. वेग कमी ठेवला तर तेवढ्याच जागेत थोडं जास्त गाणं मावे. विजेच्या मोटारी आल्यावर आकडा स्थिरावला, तोही दोन ठिकाणी दोन. अमेरिकेत मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या मोटारीला ४६:१ चं गिअर लावून ७८.२६ फेऱ्या मिळत. ५० हर्ट्‌झ वीज असलेल्या देशांत हिशेब ७७.९२ वर आला. या दोहोंतला फरक कानाला कळत नाही. पण ७४ ला मुद्रित झालेली तबकडी ७८ ला लावली तर वेग साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि पेटीवरच्या दोन शेजारी पट्ट्यांमधलं अंतर सहा टक्क्यांच्या थोडं आतच असतं. म्हणजे काळी एकमध्ये (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीत) गायलेला गवई जवळजवळ तिच्या शेजारच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांत संपतं, ताना जास्त चपळ वाटतात, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) आखूड होते.

त्याहून मोठा घात आवाजाच्या जातीचा होतो. गळ्यातून निघालेल्या नादातल्या काही कंपनसंख्या घसा आणि तोंडाची पोकळी उचलून धरते. पुरुषाच्या ‘आ’काराला ही उचल साधारण ७०० आणि ११०० हर्ट्‌झच्या आसपास असते. गायकाने पट्टी चढवली तरी ही ठिकाणं फारशी हलत नाहीत, कारण तोंडाची पोकळी तेवढीच राहते. तबकडी जोरात फिरवली की मात्र स्वराबरोबर तीही वर सरकतात, म्हणजे गायकाचं तोंडच लहान झाल्यासारखं होतं. आवाज पातळ आणि कोवळा वाटू लागतो. ‘जुन्या लोकांचे आवाज नाकात आणि बारीक असत’ हे जे आपण सहज बोलून जातो, त्यात कर्ण्याच्या मर्यादांइतकाच चुकीच्या वेगाचाही वाटा आहे असं मला वाटतं.

मग खरा वेग शोधायचा कसा? उत्तम साक्षीदार म्हणजे साथीची पेटी. सारंगी गायकाच्या मागे कुठेही सरकते, पण पेटीला सप्तकात बाराच जागा असतात. समजा, ७८ वर लावलेल्या तबकडीत गायकाचा षड्ज १४३ हर्ट्‌झ भरला. आजच्या हिशेबाने, म्हणजे पांढरी सहा ४४० धरली तर, काळी एक १३८.६ ला आणि पांढरी दोन १४६.८ ला येते. १४३ ला पट्टीच नाही, आणि साथीदार दोन पट्ट्यांच्या फटीत बोट ठेवून वाजवत नव्हता. म्हणजे खरा वेग एक तर ७५.६ असला पाहिजे, नाही तर ८०.१. दोन्ही शक्य आहेत, म्हणून दुसरा साक्षीदार लागतो: त्याच बैठकीत मुद्रित झालेली, जवळच्या क्रमांकाची दुसरी तबकडी, किंवा त्याच गायकाचं नंतरचं, वेगाची खात्री असलेलं मुद्रण. पेटीही अगदी निर्दोष साक्षीदार नव्हे. फ्रान्सने १८५९ मध्ये पांढरी सहा ४३५ ला बांधली होती, आणि ४४० वर आंतरराष्ट्रीय एकमत व्हायला १९३९ उजाडलं. मात्र हा फरक सव्वा टक्क्याच्या आतला आहे. पट्टी चुकवण्याइतका नाही.

गौहर जानच्या तबकड्यांत आणखी एक सोय आहे. गाणं संपताच ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या माणसांना कोण गातंय हे कळावं म्हणून ही पद्धत होती. आज तेच चार शब्द वेगाची परीक्षा ठरतात. बोलणं नैसर्गिक वाटतं का, हे आपला कान गाण्यापेक्षा कितीतरी लवकर ओळखतो.

षड्ज मोजायचा म्हटलं की एक मौज समोर येते. १९२५ मध्ये विजेवरचं मुद्रण सुरू झालं. त्याआधीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांत साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचं फारसं काही उतरलेलंच नाही. म्हणजे पुरुष गायकाचा १४३ चा मूळ नाद तबकडीवर जवळजवळ नसतोच. तरी आपल्याला षड्ज स्वच्छ ऐकू येतो, कारण त्याचे वरचे अंश, म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नाद, २८६, ४२९, ५७२ ला हजर असतात आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू गाळलेला पाया भरून काढतो. संगणकावर आलेख काढला तर खालच्या टोकाचं शिखर शोधत बसू नका. शिखरांमधलं अंतर मोजा, तोच षड्ज.

वेग लिहून ठेवण्याची काळजी एका तबकडीच्या बाबतीत मात्र भरपूर घेतली गेली. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांच्या सुवर्ण-तबकडीवर गेली. ती तबकडी मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांची. पण मिनिट हे माप परग्रहावर कोणाला कळणार? म्हणून तिच्या वेष्टणावर एका फेरीला लागणारा काळ, म्हणजे ३.६ सेकंद, हायड्रोजन अणूच्या एका मूलभूत संक्रमणाच्या मापात कोरला आहे. ते माप एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सात दशांशाएवढं. केसरबाईंचा षड्ज कोणीही, कुठेही बरोबर लावू शकेल अशी ती तजवीज आहे. आपल्या कपाटातल्या तबकड्यांसाठी हे काम आपल्यालाच करायचं आहे.

तबकडी फिरवणाऱ्या फिरकीचा वेग तपासायला तिच्यावर ठेवलेली ७७ रेघांची कागदी चकती पुरते. ५० हर्ट्‌झवर जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. तिच्या उजेडात रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. पुष्कळ एलईडी दिव्यांत ही लुकलुक दिसतच नाही, त्यामुळे चकती निकामी वाटते. दोष चकतीचा नसतो. चावीच्या फोनोवर (ग्रामोफोनवर) मात्र स्प्रिंग सैलावत गेली की गाण्याच्या शेवटी षड्ज हळूहळू उतरतो. मोजमापासाठी तो वापरू नये.

चावीच्या फोनोवर दुर्मिळ तबकडी वाजवूच नये, याला आणखी कारण आहे. तबकडीत लाख थोडी आणि दगडाची पूड जास्त असते. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली ही लाख चिकटवण्याचं काम करते, आणि पूड मुद्दाम खरखरीत ठेवलेली असते, पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. म्हणूनच दर बाजूला पिन बदलायची. शंभर ग्रॅमच्या वरचं, पिन धरणाऱ्या ध्वनिपेटीचं ओझं त्या पिनेवर असतं. आधुनिक कार्ट्रिजचा (विजेवरच्या फिरकीत पिन धरणाऱ्या भागाचा) दाब काही ग्रॅमचाच. पण त्यातही एलपीची (नंतरच्या, हळू फिरणाऱ्या तबकडीची) पिन चालत नाही. तिच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ ला लागते ६५ ते ७५ ची. बारीक पिन खाचेच्या तळाशी, साठलेल्या कचऱ्यात रखडते आणि मग लोक म्हणतात, तबकडी खराब आहे.

दहा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच पिनेखालून सेकंदाला सुमारे ९८ सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम ४० सेंटिमीटर. ४००० हर्ट्‌झची एक लाट बाहेर पाव मिलिमीटरची असते, आत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागावर येते आणि जाड पिन तिच्यात नीट शिरत नाही. तीन मिनिटांच्या खयालात द्रुत ताना नेमक्या याच जागी येतात. शेवटच्या ताना गिचमिड वाटल्या तर गवयाला बोल लावण्याआधी हे आठवावं.

पावसाळ्यात कोकणपट्टीत कागदी पाकिटांना बुरशी धरते, ती तबकडीवर उतरते. पुसायला स्पिरिट अजिबात वापरू नका, लाख त्यात विरघळते. थंड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसणं. तबकड्या उभ्या ठेवायच्या, एकमेकींवर रचायच्या नाहीत.

संगणकावर उतरवताना दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो करा. ७८ ची खाच आडवी हलते, त्यामुळे पिनेच्या उभ्या हालचालीतून आलेली खरखर या बेरजेत बरीचशी कटते. पहिली फाइल तशीच राखून ठेवा. खरखर काढणं, वेग बदलणं हे सगळं तिच्या प्रतीवर. आणि फाइलच्या नावात गायक, राग, क्रमांक यांच्याबरोबर पिनेची जाडी, वाजवतानाचा वेग आणि तुम्ही ठरवलेला खरा वेग हे तीन आकडे लिहा, शेवटच्या आकड्याचं कारण एका ओळीत जोडून: ‘पेटी, काळी एक’.